वेळ सांगणारी माणसं

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या लागायच्या आणि डोंबिवलीत टिळकनगरपासून स्टेशनपर्यंत दोन्ही बाजूंच्या चाळींतून, दुमजली घरांतून त्या एकाच वेळी ऐकू यायच्या. सत्तरच्या, ऐंशीच्या दशकात आमच्यातली जी मुलं पहाटे पळायला जायची, त्यांचं घड्याळ हेच. रेडिओवर भक्तिगीतं चालू असताना निघायचं, मानपाड्याच्या बाजूला शेतं लागेपर्यंत जायचं आणि बातम्यांच्या आत गणपतीच्या देवळापाशी परत यायचं. वाटेतच कुठल्यातरी खिडकीतून बातम्या सुरू झाल्या, तर समजायचं, आज पाय जड होते. एका घराशी सुरू झालेलं वाक्य पुढच्या घराशी पूर्ण व्हायचं. आपण किती किलोमीटर पळलो ते कुणाला ठाऊक नसायचं, आणि किलोमीटरला किती मिनिटं लागली असा प्रश्न कुणाच्या डोक्यातही यायचा नाही.

आता पहाटे साडेचारला घरडा सर्कलपाशी अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचे टी-शर्ट घातलेली माणसं जमतात. त्यांत पन्नाशी-साठीतले आम्हीही असतो, कारण आमच्यापैकी बऱ्याच जणांनी या वयात पहिली फुल मॅरेथॉन पळायचं मनावर घेतलं आहे. ग्रुपच्या सरांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘काका, टार्गेट काय? गोल पेस किती ठेवायचा?’’ त्यांच्याकडे कोष्टक तयार असतं. चार तासांत 42.195 किलोमीटर संपवायचे तर किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद. साडेचार तासांसाठी 6 मिनिटं 24 सेकंद. पाच तासांसाठी 7 मिनिटं 7 सेकंद. आपण आपला रकाना निवडायचा. मग कल्याण-शीळ रस्त्याला लागलं की दर किलोमीटरला मनगट थरथरतं आणि आकडा दिसतो. दोन्ही बाजूंच्या टॉवरमधली माणसं झोपलेली असतात. कुठल्याही खिडकीतून काहीही ऐकू येत नाही, आणि आलं असतं तरी आमच्यातल्या निम्म्यांच्या कानांत गाणी लावलेली असतात.

आधीच सांगून टाकतो, नवी पद्धत जास्त चांगली आहे. जुन्या पद्धतीने माणसं कशीबशी पळायची, धडपडायची आणि बहुतेक जण लग्न झालं की पळणं सोडून द्यायचे. तरीही त्या खिडक्या आठवतात. गावाला आपली वेळ ठाऊक होती आणि ते ती आपल्याला सांगायचं, या गोष्टीची चुटपुट मनातून जात नाही.

तेव्हा वेळ माणसांकडे असायची. मैदानावर पी.टी.च्या सरांच्या गळ्यात किल्लीचं स्टॉपवॉच असायचं. अख्ख्या शाळेत ते एकच, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. फेरी पूर्ण करून त्यांच्यासमोरून जाताना ते मोठ्याने आकडा ओरडायचे आणि त्यामागोमाग एखादा शब्द. ‘‘पंच्याण्णव! शाब्बास!’’ किंवा ‘‘एकशे चार! झोपलास काय रे?’’ फक्त आकडा त्यांनी कधी दिला नाही. कल्याणला सुभाष मैदानावर फेऱ्या मारणारी मुलं आपापसांत आकडे वाटून घ्यायची. एकाच्या वडिलांचं घड्याळ मिळालं तर त्याने कडेला उभं राहून मोजायचं, बाकीच्यांनी पळायचं, मग पाळी बदलायची. ज्याची मोजायची पाळी, त्याचा त्या दिवसाचा सराव बुडायचा, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचं आठवत नाही. गांधारीच्या रस्त्याला लांब पळायला जाताना एक जण सायकलवर असायचा. त्याचं काम म्हणजे सगळ्यांच्या चपला हँडलला अडकवणं, कुत्री हाकलणं आणि मागे पडलेल्याच्या शेजारी राहून ‘‘दम राखून पळ, दम राखून’’ असं सांगत राहणं. सोबत कुणी नसलं तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला पळता पळताच विचारायचं, ‘‘काका, किती वाजले?’’ दूध केंद्रावर रांगेत उभा असलेला माणूस पिशवी सावरत, मनगट उजेडाकडे वळवून वेळ सांगायचा. आपण तोवर दहा पावलं पुढे गेलेलो असायचो, म्हणून त्याला ओरडून सांगावं लागायचं. आणि तो सांगायचा.

आज असं कुणाला विचारावं लागत नाही, आणि कुणी विचारलं तर विचारणाऱ्याच्या हेतूची शंका येते. घड्याळ आकाशातल्या उपग्रहांकडून अंतर घेतं, मनगटातल्या रक्ताच्या हालचालीवरून नाडीचे ठोके मोजतं, आणि घरी येऊन दार उघडायच्या आत सगळा हिशेब मित्रांपर्यंत पोचलेला असतो. शाबासकीही मिळते, अंगठ्याच्या एका स्पर्शाने. ती देणाऱ्याने आपल्याला पळताना पाहिलेलं नसतं.

नव्वदच्या दशकात आमच्या भागातली मोठी शर्यत म्हणजे ठाणे महापालिकेची महापौर वर्षा मॅरेथॉन. पाचपाखाडीत महापालिका भवनासमोर भर पावसात गर्दी व्हायची, रस्त्याच्या कडेला शाळांची मुलं उभी असायची, बँड असायचा. मुख्य शर्यत 21 किलोमीटरची. पूर्ण 42 किलोमीटर पळायचं तर पुण्याला जावं लागायचं. तिथली आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून सुरू होती. मुंबईची आजची मोठी मॅरेथॉन 2004 मध्ये आली. त्यामुळे ठाण्या-डोंबिवलीच्या पोराला फुल मॅरेथॉन म्हणजे पेपरात वाचायची गोष्ट होती.

वर्षा मॅरेथॉनमध्ये पहिल्या काही क्रमांकांची वेळ नोंदली जायची. बाकीच्या हजारोंची वेळ नोंदली जायचीच नाही. शेवटच्या रेषेपाशी गर्दी, पाऊस, छत्र्या आणि त्यातून वाट काढत आत शिरलेले आपण. मिळायचं ते प्रमाणपत्र, त्यावर नाव आपणच घालायचं. म्हणून संध्याकाळी तलावपाळीवर बसून प्रत्येक जण आपली वेळ सांगायचा. कुणी म्हणायचा, पावणेदोन तास. कुणी म्हणायचा, दोनच्या आत नक्की. पुढच्या वर्षी तीच वेळ पाच मिनिटांनी कमी झालेली असायची. कुणी तपासत नसे. गर्दीचा फायदा घेऊन मधल्याच गल्लीतून रस्ता कापणारेही होते, आणि जे इमानदारीने पळाले त्यांच्यावर तो अन्यायच होता. आज छातीवरच्या बिबला चिप असते, रस्त्यात ठिकठिकाणी तिची नोंद घेणाऱ्या चटया असतात, एकही चटई चुकली की नाव बाद. पहिल्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदली जाते तशीच बारा हजाराव्या माणसाचीही. यात मोठा न्याय आहे. जे कधीच जिंकणार नव्हते त्यांचंही धावणं कागदावर आलं, हे आमच्या वेळी झालं असतं तर किती बरं झालं असतं! करोनाने वर्षा मॅरेथॉनमध्ये खंड पाडला, पण 2025 च्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा झाली, आणि भिजलेल्या रस्त्यावर पोरं पुन्हा पळाली. मात्र तलावपाळीवरच्या त्या संध्याकाळी, ज्यात एकमेकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे दुसरा पुरावा नव्हता, त्या आता होणार नाहीत.

घड्याळाशिवाय वेग राखता येतो का, या प्रश्नावर आमच्या ग्रुपमध्ये तावातावाने चर्चा होते. तेव्हा आम्ही बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांचं नाव काढतो. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा पाहताना दोराबजी टाटांना अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं दिसली आणि त्यांतून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायची कल्पना पुढे आली. त्या संघात मॅरेथॉनसाठी दोघे होते, बेळगावचे चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले 19 वे आले, 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत. त्या वर्षी अंतर आजच्यापेक्षाही जास्त, 42.75 किलोमीटर होतं. भागाकार केला तर किलोमीटरला चार मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ पडतो. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात वेगवान पोराला हा वेग पाच किलोमीटरसुद्धा टिकवता येत नाही, आणि त्याच्याकडे वीस हजारांचे बूट आहेत. दर किलोमीटरला थरथरणारं काहीही हाताशी नसताना चौगुल्यांनी हा वेग जवळजवळ तीन तास धरून ठेवला. तो त्यांच्या छातीत आणि पायांत होता, वर्षानुवर्षांच्या पळण्यातून मुरलेला.

पण या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चौगुल्यांसारखा एक जण उजेडात आला. त्या काळात किती जणांचे पाय योग्य मार्गदर्शनाअभावी वाया गेले, त्याची मोजदाद कुठेच नाही. आमचीच गोष्ट घ्या. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा तळ पुठ्ठ्याइतका पातळ असायचा, डांबरी रस्त्यावर पळून नडगी ठणकायची आणि त्यावर उपाय म्हणजे हळद. सुती बनियन पावसात भिजून जड व्हायचा आणि काखेत घासून रक्त यायचं. पळताना पाणी प्यायचं नाही, पोटात दुखतं, हा तर शाळेत शिकवलेला नियमच होता. मे महिन्यातल्या सरावाला घसा कोरडा पडला तरी नळाकडे बघायची परवानगी नव्हती. एक-दोघं भोवळ येऊन पडले तर त्यांनाच कच्चे ठरवलं जायचं. आज दर दोन किलोमीटरला पाण्याचं टेबल असतं, मीठ-साखरेचं पाणी असतं, केळं असतं. हे बदलायलाच हवं होतं. त्या वेळच्या कोरड्या घशाची आठवण कुणी कौतुकाने सांगू लागला तर आम्ही त्याला थांबवतो.

आणि आमच्या बहिणी? त्या पळायच्या ते फक्त लोकल पकडायला. पदर खोचून, डबा छातीशी धरून, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत त्या ज्या वेगाने फलाट गाठायच्या, तो वेग कुणी मोजला असता तर आमच्यातले पुष्कळ जण मागे पडले असते. पण फडके रोडवर पहाटे पळणारी बाई हे दृश्य तेव्हाच्या डोंबिवलीला सोसलं नसतं. डोंबिवलीचं कशाला, ऑलिंपिकमध्येसुद्धा बायकांची मॅरेथॉन 1984 पर्यंत नव्हती. आता घोडबंदर रोडला, उपवनला, खडकपाड्याला बायकांचे स्वतःचे ग्रुप आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये 2012 पासून सलग तीन वर्षं भारतीय महिलांत पहिली आली आणि नंतर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, हे या बायकांना तोंडपाठ आहे. येऊरच्या चढावर पन्नाशीची एखादी ताई आम्हाला मागे टाकून ‘‘चला काका, थोडंच राहिलंय’’ म्हणत पुढे जाते, तेव्हा जुना काळ परत यावा असं क्षणभरही वाटत नाही.

मग वेग ठरवायचा कसा? नव्या शास्त्राने इथे खूप मदत केली आहे. पीट रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने 1977 मध्ये एक सूत्र मांडलं, ते आजही वापरलं जातं. त्याचं सार असं की अंतर दुप्पट झालं तर वेळ दुपटीहून थोडी जास्त, साधारण 2.085 पट लागते. हाफ मॅरेथॉन 2 तास 20 मिनिटांत होत असेल तर या हिशेबाने फुल 4 तास 52 मिनिटांत व्हायला हवी. पण ज्याचा आठवड्याचा सराव कमी आहे आणि जो पहिल्यांदाच एवढं पळतो आहे, त्याच्यासाठी हे सूत्र फार उदार आहे. शरीरातला साखरेचा साठा साधारण तीस किलोमीटरच्या आसपास संपत येतो, आणि सुरुवातीला किलोमीटरमागे दहा-वीस सेकंदांनी जास्त घाई करणारा तिथे हमखास अडकतो. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये तर नेमका त्यानंतरच, परतीच्या वाटेवर, पेडर रोडचा चढ येतो. त्यात दमट हवा. थंड कोरड्या हवेच्या गावात काढलेली कोष्टकं ठाण्याच्या खाडीकाठी लागू पडत नाहीत; इथे घाम सुकतच नाही, अंग तापत जातं, आणि त्याच वेगाला हृदय जास्त ठोके घेतं. म्हणून आमचं मत असं की पहिल्या मॅरेथॉनचा गोल पेस जुलैत ठरवूच नये. पावसाळाभर, ऑक्टोबरच्या उन्हात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या गारव्यात नुसतं पळावं, रविवारचा लाँग रन हळूहळू तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यावा आणि डिसेंबरच्या शेवटी, पाय काय म्हणतात ते ऐकून आकडा घ्यावा. तोही मनातल्या आकड्यापेक्षा पंधरा मिनिटं सैल.

आजचे सर आणखी एक कसोटी सांगतात. लाँग रनचा वेग असा हवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. हे ऐकलं तेव्हा गांधारीच्या रस्त्यावरच्या त्या सकाळी डोळ्यांसमोर आल्या. आम्ही बोलतच पळायचो. सिनेमा, क्रिकेट, कुणाच्या घरी बहिणीला बघायला आलेली माणसं, दहावीचे मार्क. बोलणारा गप्प झाला की बाकीचे आपोआप हळू व्हायचे, त्याने पुन्हा तोंड उघडेपर्यंत. असं करा म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्यात कमी दमाच्या मुलाचा वेग हाच सगळ्यांचा वेग होता, आणि जो खरोखर पुढे जाऊ शकला असता त्याचं यात नुकसान व्हायचं, हेही खरं. त्याला कुणी स्वतंत्र पळवलं असतं तर तो कदाचित जिल्ह्यात पहिला आला असता. आता प्रत्येकाचं कोष्टक वेगळं, प्रत्येकाचा नाडीच्या ठोक्यांचा झोन वेगळा. सर्कलपाशी आम्ही वीस जण एकत्र निघतो आणि पहिल्या दोन किलोमीटरांत वीस ठिकाणी विखुरतो. प्रत्येकाची प्रगती होते, वेळ दर महिन्याला उतरते. शेवटी चहाच्या टपरीवर भेट होते तेव्हा घड्याळं समोर धरून बोलणं होतं आणि ते आकड्यांबद्दल असतं. कुणाच्या घरी काय चाललंय ते महिनोन् महिने कळत नाही. परवा कुणाच्या तरी आई गेल्याचं आम्हाला त्याच्या सरावाच्या आलेखात आठवडाभराची मोकळी जागा दिसली, म्हणून समजलं.

या नव्या व्यवस्थेत जुन्यातलं जे थोडं उरलंय ते पेसरमध्ये. हातात झेंडा घेऊन तो ठरलेल्या वेगाने पळतो, त्याच्या झेंड्यावर वेळ लिहिलेली असते आणि त्याच्यामागे जो घोळका पळतो त्याला सगळे ‘बस’ म्हणतात. पेसर स्वतः याच्यापेक्षा पुष्कळ वेगाने पळू शकतो, पण त्या दिवशी आपली शर्यत बाजूला ठेवून तो दुसऱ्यांची वेळ सांभाळतो. पाणी आलं की ओरडून सांगतो, चढ आला की पावलं लहान करा म्हणतो, मागे राहणाऱ्याला नावाने हाक मारतो. सुभाष मैदानाच्या कडेला घड्याळ धरून उभा राहणारा मुलगा मोठा झाला असता तर पेसरच झाला असता.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते आणि फुल मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमाराला सीएसएमटीहून सुटते. त्यासाठी मध्य रेल्वे कल्याणहून पहाटे तीनच्या सुमाराला खास लोकल सोडते. ज्या स्टेशनात आयुष्यभर गर्दीत घुसायला पळालो, तिथून आता पळायच्या आधी बसून जायचं. जुन्या आठ-बाराच्या लोकलला गट होते, भजन होतं, पत्ते होते, ठरलेल्या जागा होत्या आणि त्या जागांवरून रोजची हाणामारीही होती. या लोकलमध्ये सगळ्यांना जागा मिळते म्हणतात, आणि डब्यात गुडघ्यांना लावायच्या मलमाचा वास असतो.

आमच्यातल्या तिघांचं आता ठरलंय. वेळ साडेपाच तास, म्हणजे किलोमीटरला 7 मिनिटं 49 सेकंद. सर म्हणाले, ‘‘काका, थोडं अजून खाली येऊ शकतं.’’ येऊ शकतं, पण आम्ही डिसेंबरात पायांना विचारून हाच आकडा घेतलाय. तिघांनी एकत्र पळायचं, ज्याचा श्वास लागेल त्याच्या चालीने. घड्याळ फक्त एकाच्या हातात, कल्याणच्या दोस्ताच्या; तो तेव्हाही मोजायची पाळी आनंदाने घ्यायचा. दर पाच किलोमीटरला बाकीच्या दोघांनी त्याला वेळ विचारायची आणि त्याने ती मोठ्याने सांगायची, मागोमाग एक शब्द लावून.